वस्तऱ्याला दाढीपुरती धार लागली, हे ओळखायचं कसं?

कृष्णाकाठ
मंडळी, प्रश्न घडीच्या खऱ्या वस्तऱ्याबद्दल आहे, ब्लेड बदलायच्या वस्तऱ्याबद्दल नाही. वस्तरा कार्बन स्टीलचा, ६/८ मापाचा (पातं साधारण १९ मिमी रुंद), पोकळ घासलेला (दोन्ही बाजू आत खोलगट). दगड तीन आहेत: १०००, ४००० आणि ८००० नंबरचे (नंबर मोठा तितका दगड बारीक). शेवटी चामड्याचा साधा पट्टा. ८००० नंतर वस्तरा वर्तमानपत्र सर्रकन कापतो, हातावरचे केसही काढतो. पण गालावर ठेवला की ओढतो आणि हनुवटीखाली आग होते.

नखाची, अंगठ्याची, लोंबत्या केसाची, टोमॅटोची अशा बऱ्याच चाचण्या सांगितल्या जातात. कोणती कुठल्या टप्प्यावर करायची आणि तिचा निकाल नेमका काय सांगतो? सातारा-सांगलीकडचे जाणकार इथे बरेच आहेत, म्हणून इथेच विचारतोय.

अजिंक्यतारा७७
कागदापासून सुरू करू, कारण कागदच सगळ्यात जास्त फसवतो. वर्तमानपत्र घरातली विळीसुद्धा कापते. कागद दोन्ही बाजूंनी ताणलेला असतो आणि तुम्ही धार त्यावरून सरकवत नेता. दाढीचा केस एका टोकाने मोकळा असतो. धार टेकली की तो वाकून बाजूला होऊ पाहतो. तो वाकायच्या आत धार त्यात शिरली तर कापतो, नाहीतर मुळाशी ओढला जातो. तुम्ही म्हणता ते ओढणं हेच.

आता चाचण्यांकडे. दाढीच्या वस्तऱ्याची धार टप्प्याटप्प्याने तयार होते आणि प्रत्येक चाचणी एकाच टप्प्यासाठी असते. एका टप्प्याची चाचणी दुसऱ्याला लावली की उत्तर चुकतं.

पहिला टप्पा म्हणजे बेव्हल, पात्याच्या दोन्ही बाजूंचे दगडावर घासले गेलेले दोन चिंचोळे उतार. हे दोन्ही उतार टाचेपासून (धारेचा मुठीकडचा भाग) टोकापर्यंत एकमेकांना तंतोतंत भेटले पाहिजेत. हे काम १००० च्या दगडाचं. इथे ते भेटले नाहीत तर ४००० आणि ८००० फक्त उतार चकचकीत करतात. वस्तरा आरशासारखा दिसतो आणि दाढी होत नाही. मदत मागणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांची अडचण इथेच असते, हे माझं ठाम मत आहे.

१००० नंतरची चाचणी अशी: दगडावरून उतरवून वस्तरा कोरडा पुसा. पट्ट्यावर ओढू नका. हाताच्या मागच्या बाजूला, कोरड्या कातडीवर, पातं कातडीला जवळपास चिकटवून आणि अजिबात न दाबता फिरवा. केस सहज निघाले पाहिजेत. धार साधारण ७ सेंटिमीटर लांब असते. तिचे मनाने चार भाग करा आणि प्रत्येक भागाने वेगळी जागा भादरून बघा. सगळे जण मधल्या भागाने बघतात आणि पास म्हणतात. कच्चं राहतं ते टाचेला आणि टोकाला.

तुमचा वस्तरा हातावरचे केस काढतो ते कुठल्या भागाने, आणि १००० नंतर बघितलं की ८००० नंतर?

हळदपेठ
अजिंक्यतारांच्या बोलण्यात एक भर. १००० वर हातावरचे केस निघताना दाब द्यावा लागला, दोनदा फिरवावं लागलं, तर तो नापास धरायचा. "जवळजवळ झालं" असं या टप्प्यावर काही नसतंय बघा. झालं तर झालं, नाहीतर परत १००० वर जायचं.

घाटवाट_वाई
हातावरच्या केसांच्याही आधी डोळ्यांनी बघण्याच्या तीन गोष्टी आहेत. तिन्हीत धारेला काही इजा होत नाही.

एक, उजेड. डोक्यावर एकच दिवा ठेवा आणि वस्तरा धार वर करून धरा. दिवा थेट धारेवर पडेल असा हळूहळू मागेपुढे कलवा. खऱ्या धारेला रुंदीच नसते, त्यामुळे ती उजेड परतवत नाही. दिसते ती नुसती काळी रेघ. जिथे पांढरी रेघ चमकते तिथे धार चपटी आहे. जिथे ठिपका लुकलुकतो तिथे दाता पडलाय. सराफाकडे असतं तसं दहापट भिंग यासाठी पुरतं. तीसपट असेल तर उतारावरचे ओरखडेही मोजता येतात.

दोन, मार्कर. कायम टिकणाऱ्या शाईचा काळा मार्कर घ्या, दोन्ही उतार धारेपर्यंत रंगवा आणि ८००० वर दोन्ही बाजूंनी एकेकच हलका हात मारा. मग भिंगातून बघा. शाई अगदी धारेलगत उरली असेल तर दगड धारेपर्यंत पोचतच नाही. फक्त टाचेला उरली असेल तर खांद्याचा (पात्याचा मुठीलगतचा) जाड भाग दगडावर चढतोय आणि टाच उचलली जातेय. धारेवरची शाई गेली पण उताराच्या मागच्या कडेला राहिली, तर आधी कुणीतरी टेप न लावता धार लावली होती आणि आता पात्याच्या जाड पाठीवर टेप आहे. ते वाईट नसतं, पण माहीत असलेलं बरं.

तीन, पाणी. दगडावर पाण्याचा पातळ थर ठेवा आणि धार पुढे करून वस्तरा ढकला. धार दगडाला पुरेपूर टेकलेली असेल तर पाणी धारेपुढे न साचता पात्यावर चढतं. ती लाट टाचेपासून टोकापर्यंत सलग हवी. जिथे पाणी पात्याखालून सटकतं तिथे फट आहे. 

कासपठार
ताई, शाई मागच्या कडेला राहिली तर टेपमुळे कोन बदलतो म्हणालात. किती बदलतो? टेप लावावी की नाही याबद्दल दोन्ही बाजूंनी ऐकलंय.

अजिंक्यतारा७७
घाटवाट ताईंच्या आधी मी हिशेब मांडतो. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकतात, म्हणून कोन हातावर नाही, पात्याच्या आकारावर ठरतो. पाठीची जाडी ५ मिमी आणि पाठ टेकते तिथपासून धारेपर्यंतचं अंतर १८ मिमी धरा. पाठीच्या निम्म्या जाडीला अंतराने भागायचं, त्याचा व्यस्त साइन काढून दुप्पट करायचा. येतो साधारण १६ अंश. दाढीच्या वस्तऱ्याला १५ ते १८ अंश हा नेहमीचा पट्टा.

इन्सुलेशन टेपचा एक थर साधारण ०.१३ मिमी. पाठीवरून दोन्ही बाजूंनी आला की जाडी ५.२६ होते आणि कोन १६.८ वर जातो. म्हणजे साधारण ०.८ अंशाची वाढ. याने दाढी बिघडत नाही. टेप पाठ झिजण्यापासून वाचवते, नक्षी असेल तर तीही वाचते. मात्र लावायची तर पहिल्या दगडापासून शेवटपर्यंत तीच. मध्येच काढली तर नवा उतार पडतो आणि ८००० ला तो धारेपर्यंत न्यायला शेकडो फेरे लागतील. टेप फाटली की लगेच नवी लावा. फाटलेल्या जागी एकाच बाजूचा कोन बदलतो.

मिरज_जवारी
लोंबत्या केसाच्या चाचणीबद्दल लिहितो, कारण तिच्यावर सगळ्यात जास्त विश्वास टाकला जातो आणि तीच सगळ्यात जास्त चुकीने केली जाते.

केस डोक्यावरचा घ्या, निदान ७-८ सेंटिमीटर लांब. तेल लावलेला केस चालत नाही, धारेवरून घसरतो. शांपूने धुऊन, पाण्यातून काढून घ्या. केसावर बारीक खवले असतात आणि ते मुळाकडून टोकाकडे वळलेले असतात, कौलांसारखे. दोन बोटांत केस धरून मुळाकडून टोकाकडे ओढला तर गुळगुळीत लागतो, उलट ओढला तर खरखरतो. त्यामुळे केस कुठल्या टोकाकडून धरला यावर निकाल बदलतो. मूळ बोटात धरलं तर परीक्षा कठीण, टोक बोटात धरलं तर सोपी. मी मूळ बोटात धरायला सांगेन. काहीही ठरवा, पण दर वेळी तेच.

वस्तरा धार वर करून स्थिर धरा. केस बोटापुढे २-३ सेंटिमीटर मोकळा ठेवा. बोटापासून एक-दीड सेंटिमीटरवर तो धारेवर अलगद टेकवा. ओढू नका, झटका देऊ नका. मग पाच गोष्टींपैकी एक होते:

केस धारेवरून नुसता घसरतो. म्हणजे धार नाही.

केस धारेवर किरकिरतो, बोटाला थरथर जाणवते, पण तुटत नाही. बेव्हल ठीक, पुढचं काम बाकी.

केस उभा चिरला जातो आणि तुकडा लोंबत राहतो. ४००० च्या आसपासची धार.

केस क्षणभर अडकतो आणि मग टचकन तुटतो. ८००० नंतर, पट्ट्याआधी, इतकं पुरे.

टेकताक्षणी तुटतो. पट्ट्यानंतर हे हवं. याहून पुढे आवाजही न होता तुकडा गळून पडतो. ते छान, पण दाढीसाठी त्याचा हट्ट नको.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. आधी त्याच केसाने दाढीच्या नव्या ब्लेडवर चाचणी घ्या. नव्या ब्लेडवर केस टचकन तुटत नसेल तर केस बारीक आहे किंवा धरणं चुकतंय, वस्तऱ्याला दोष देऊ नका. डोक्याचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. इतका फरक असताना मापाशिवाय निकाल काढणं म्हणजे सूर न धरता तंबोरा लावणं. इकडे मिरजेत जवारी काढणारे (तंबोऱ्याची घोडी घासून नाद जुळवणारे) कारागीर घोडीवर एकेक हलका हात मारून लगेच तार छेडून ऐकतात. केसाची चाचणीही तशीच, दर दहा-पंधरा फेऱ्यांनंतर त्याच पद्धतीने करत जायची. एकदा करून सोडायची नाही.

चाचणी टाच, मधला भाग आणि टोक अशी तिन्ही ठिकाणी घ्या. एकाच ठिकाणी अडकत असेल तर पूर्ण धार पुन्हा लावायची गरज नाही, त्या भागाचं कारण शोधा.

कासपठार
आणि नखाची चाचणी? जुने लोक अंगठ्याच्या नखावर धार ओढून बघतात.

हळदपेठ
ती १००० पुरतीच ठेवा. नख ओलं करायचं, वस्तरा स्वतःच्या वजनाने नखावर टेकवायचा आणि टाचेपासून टोकापर्यंत सावकाश ओढायचा. धार एकसारखी, लोण्यात शिरल्यासारखी लागली तर ठीक. कुठं घसरली तर तिथं बोथट. कुठं खट्ट लागलं तर तिथं दाता. दात्यासाठी याच्याइतकी खात्रीची चाचणी दुसरी नाही.

पण ८००० नंतर वस्तरा नखाला लावू नका. त्या धारेचं अग्र मायक्रॉनच्याही अंशाइतकं बारीक असतं. नखावर ओढलं की ते मोडतं नाहीतर वळतं. केली तर परत शेवटच्या दगडावर दहा फेरे मारावे लागतात, मग चाचणी करून मिळवलं काय?

मिरज_जवारी
हळदपेठांशी सहमत, फक्त एक. १००० वर नखाने केली तरी नंतर धारेला काही फेरे द्यावेच लागतात, आणि १००० वर ते आपोआप मिळतात. म्हणूनच ती तिथे चालते.

घाटवाट_वाई
अंगठ्याच्या मऊ भागाची चाचणी वेगळी, तिची नखाच्या चाचणीशी गल्लत करू नका. अंगठा ओला करून धारेवर आडवा, म्हणजे धारेच्या काटकोनात, केसभर सरकवायचा. धारेच्या दिशेने कधीच नाही. तसं केलं तर अंगठा कापणारच. चांगली धार कातडीला चिकटल्यासारखी वाटते, बोट पुढे जायला तयार नसतं. ८००० नंतर ती अधिक चिकट पण कमी खरखरीत होते. ज्याने आधी शंभर धारा हाताळल्यात त्याला यातून सगळं कळतं. नवख्याने ही चाचणी करू नये. बोट न कापता धार ओळखायचे दुसरे मार्ग आहेत, मग हा कशाला?

शिवारवाट
छोट्या टोमॅटोची चाचणी कुणी सांगेल का? स्वतःच्या वजनाने टोमॅटोच्या सालीत शिरला की झालं, असं सांगतात.

अजिंक्यतारा७७
टोमॅटोची साल दातेरी धारेला पटकन दाद देते. १००० ची खरखरीत धारही सालीत शिरते. त्यामुळे ती बोथटपणा ओळखते, मऊपणा ओळखत नाही. आणि टोमॅटोचा रस आंबट आहे, कार्बन स्टीलला मिनिटाभरात डाग पाडतो. केलीत तर लगेच धुऊन पुसा. मी ही चाचणी यादीतून काढून टाकेन.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. सांगितलं तसं तपासलं. मार्करची शाई टाचेकडच्या साधारण दीड सेंटिमीटरवर धारेलगत राहिली. उजेडात त्याच जागी पांढरी रेघ. हातावरचे केस मधला भाग काढतो, टाच काढत नाही. लोंबता केस मधल्या भागावर टेकताक्षणी तुटतो, टाचेवर किरकिरतो. दगड सपाट आहेत की नाही ते तपासलेलं नाही. टेप लावलेली नाही. मग हनुवटीखालची आग टाचेमुळे का?

अजिंक्यतारा७७
टाचेचं ओढणं टाचेमुळेच. आगीबद्दल जरा थांबा, ते वेगळं असू शकतं, त्यावर जवारी लिहितील.

आधी दगड. वापरात दगडाचा मधला भाग झिजतो आणि खळगा पडतो. खळगा असला की धार दगडाला सगळीकडे सारखी टेकत नाही. पेन्सिलीने दगडावर आडव्या-उभ्या रेघा मारून जाळी करा. सपाट काचेवर ३२० नंबरचा वॉटर पेपर ठेवा, भरपूर पाणी घाला आणि दगड त्यावर फिरवा. सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या गेल्या की दगड सपाट. मधल्या रेघा राहिल्या तर खळगा होता. १००० चा दगड मऊ आणि सगळ्यात जास्त वापरात, त्यामुळे तोच आधी खळगतो. दगडाच्या कडा थोड्या गोल करा, नाहीतर टाच त्यांवर आपटून दाता पडतो.

मग टाच. पातं जिथे मुठीकडे जाड होतं तो खांदा दगडावर चढलेला असणार. उपाय दाबण्याचा नाही, जागेचा आहे. खांदा दगडाच्या कडेबाहेर राहील इतका वस्तरा बाहेर ठेवा. टाच थोडी पुढे करून तिरका, साधारण ३० ते ४५ अंशांनी, ढकला. ढकलताना वस्तरा तिरका सरकत टोकापर्यंत येऊ द्या. याला एक्स हात म्हणतात, कारण दोन्ही बाजूंच्या रेषा एकमेकींना छेदतात.

१००० वर प्रत्येक बाजूला २०-३० छोटे हात, मध्यम दाबाने, मग बाजू बदला. मार्कर लावून बघत राहा. शाई धारेवरून सलग निघायला लागली की दाब काढून नुसत्या वस्तऱ्याच्या वजनाने १० एक्स फेरे. जाऊन येऊन एक फेरा. नंतर चारही भागांनी हातावरची चाचणी. पास झाल्याशिवाय ४००० ला हात लावू नका.

४००० वर २०-३० फेरे, भिंगातून १००० चे खोल ओरखडे दिसेनासे होईपर्यंत. ८००० वर तितकेच, पण दाब शून्य. काही कंपन्यांच्या दगडांत १००० चे कण १४ मायक्रॉन, ४००० चे ६ आणि ८००० चे ३ मायक्रॉन असतात. दुसऱ्या कंपनीचे याच नंबरचे दगड याहून बारीक असू शकतात. त्यामुळे फेऱ्यांच्या आकड्यापेक्षा ओरखड्यांकडे बघा.

मिरज_जवारी
हनुवटीखालची आग. तुमच्या मधल्या भागावर केस टेकताक्षणी तुटतो, तरी आग होते. इथे बर असण्याची शक्यता आहे. एकाच बाजूला जास्त हात मारले, किंवा बारीक दगडावर दाब दिला, की धारेवर धातूची अतिबारीक पापडी उभी राहते. ती पापडी केस झटकन कापते, म्हणजे लोंबत्या केसाची चाचणी पास होते. पण दाढीच्या पहिल्या-दुसऱ्या हातातच ती वळते, तुटते आणि उरते ती करवत. लोंबत्या केसाची चाचणी याच एका ठिकाणी खोटं बोलते.

ओळखायची खूण अशी: चेहऱ्यावर पहिले चार-पाच हात उत्तम जातात आणि मग एकदम खरखरतं. दाढीनंतर त्याच जागेवर केसाची चाचणी घ्या. आधी टचकन तुटणारा केस आता किरकिरत असेल तर बर होती. नुसती बोथट धार दाढीआधीही किरकिरलीच असती.

काढायची पद्धत: ८००० वर दोन-तीन फेरे धार मागे ठेवून, पट्ट्यावर ओढतात तसे, अगदी अलगद. मग धार पुढे ठेवून ८-१० फेरे, दर हाताला बाजू बदलून. सलग एकाच बाजूला दोन हातही नकोत.

शिवारवाट
पट्ट्याने बर जात नाही का? पट्टा त्यासाठीच असतो ना?

हळदपेठ
न्हाई. पट्टा बर वाकवून सरळ उभी करतो, काढत न्हाई. म्हणूनच पट्ट्यानंतरची केसाची चाचणी फसवी असती. पट्ट्याच्या आधी घेतली तर खरी. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्या. आधी अडकून तुटणारा केस नंतर टेकताच तुटला पाहिजे. आधीपेक्षा वाईट झाला तर पट्ट्यावर धार गोल करताय.

पट्टा ताणून धरायचा, ढिला सोडला की धारेभोवती गुंडाळतो. पाठ पुढे, धार मागे. परत फिरताना वस्तरा पाठीवरच उलटायचा, धार हवेत. आधी कापडी बाजूला २०-३० फेरे, मग चामड्याला ५०-६०. घाई नको. पट्टा पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असेल तर इथंही एक्स हातच, नाहीतर टाच सुटते.

हिरवी पेस्ट, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, ०.५ मायक्रॉन, वेगळ्या पट्ट्यावर लावायची. रोजच्या पट्ट्याला लावली की तो पट्टा बाद. पेस्टवर ५ ते १० फेरे पुष्कळ. २० च्या पुढं धारेचं अग्र गोल व्हायला लागतं.

घाटवाट_वाई
शेवटची चाचणी चेहऱ्यावर, आणि इथे धारेचा दोष नसताना धारेवर खापर फुटतं, म्हणून लिहिते.

केस कोरडा असेल तर कुठलीही धार ओढते. कोमट पाण्याने तोंड धुऊन दोन-तीन मिनिटं ओलं ठेवा. फेस दाट आणि ओला हवा, ब्रशवर ताठ उभा राहील पण चकाकत असेल असा. सांगलीकडे वाळवा, पलूस, मिरजेच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी जड असतं. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरतात आणि फेसाऐवजी साका तयार होतो. फेस लगेच बसतो, वस्तरा कातडीवर घासतो, आणि माणूस वस्तरा परत दगडावर नेतो. कृष्णाकाठ, तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर एकदा वाटीभर आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घेऊन फेस करून बघा. आग निम्मी झाली तर तितका वाटा पाण्याचा.

वस्तरा कातडीशी साधारण ३० अंशांनी. जास्त उभा धरला तर खरवडतो, जास्त पाडला तर ओढतो. कातडी दुसऱ्या हाताने ताणलेली हवी. सुरुवात कल्ल्याखालच्या गालापासून करा, तिथले केस सरळ आणि जागा सपाट. गालावर ओढत असेल तर तिथेच थांबा, हनुवटीवर न्यायचंच नाही. गाल चांगला झाला आणि फक्त हनुवटी, वरचा ओठ अडला तर धार जवळपास तयार आहे. दगड नको, पट्ट्याचे आणखी ३० फेरे आणि हाताचा कोन बघा. मानेवरचे केस आडवे-तिडवे उगवतात. बोट फिरवून दिशा बघून ठेवा, पहिला हात केसांच्या दिशेनेच.

दाढीनंतर तुरटीचा खडा ओला करून सगळीकडे फिरवा. जिथे झोंबतं तिथे धारेने कातडीचा थर खरवडलाय. एकाच पट्ट्यात, दोन्ही गालांवर झोंबत असेल तर धार खरखरीत. फक्त एका बाजूला झोंबत असेल तर त्या बाजूचा हात उभा पडतोय. तुरटी बऱ्याच घरांत असते आणि तिच्याइतका नेमका नकाशा दुसरं काही देत नाही.

कासपठार
धार मोजायची यंत्रं येतात, त्यांचा उपयोग?

अजिंक्यतारा७७
एक ठरावीक धागा कापायला किती ग्रॅम वजन लागतं ते दाखवणारी छोटी उपकरणं मिळतात. त्या मापावर दाढीचं नवं ब्लेड ५० च्या आसपास येतं. आकडा कमी तितकी धार जास्त. दोन धारांची तुलना करायला चांगलं. पण बर असलेली धारही कमी आकडा दाखवते आणि मऊपणा त्यात येतच नाही. एकाच वस्तऱ्यासाठी त्याची गरज नाही.

शिवारवाट
एकदा नीट लागलेली धार किती दाढ्या टिकते?

मिरज_जवारी
दाढ्यांच्या आकड्यावर नाही, लक्षणांवर जा. पट्ट्यानंतरही लोंबता केस अडकून तुटायला लागला आणि वरच्या ओठावर ओढ जाणवली की शेवटच्या दगडावर १०-१५ फेरे, किंवा पेस्टवर पाच. १००० ला परत जायचं कारण फक्त दाता किंवा गंज.

मऊ केस स्टीलला बोथट कसा करतो, याचं उत्तर एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दिलं. केस स्टीलपेक्षा सुमारे ५० पट मऊ. तरी तो वाकला आणि धारेवर तिरका पडला, आणि नेमक्या त्या जागी स्टीलची आतली रचना एकसारखी नसली, की धारेचा बारीक टवका उडतो. त्यांचा अभ्यास साध्या दाढीच्या ब्लेडवर होता, पण वस्तऱ्यालाही तो लागू पडावा असं मला वाटतं. केस भिजवून मऊ करणं, कोन पाडून धरणं हे चेहऱ्याइतकंच धारेसाठीही आहे.

हळदपेठ
गंजाचं बोललात तर, महाबळेश्वर-पाचगणी-कोयनेकडच्या मंडळींनी पावसाळ्यात विशेष बघा. दाढी झाली की वस्तरा धुऊन मऊ कापडाने पुसायचा, धारेकडून नाही, पाठीकडून धारेकडे. मुठीच्या फटीतही पाणी राहतंय, तिथं कापडाचा कोपरा घाला. मग कोरड्या चामड्यावर ५-७ फेरे आणि धारेवर शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात. धारेवरचा गंज डोळ्यांना दिसत न्हाई. आठवडाभर बंद ठेवलेला वस्तरा अचानक खरखरला तर धार गेली म्हणू नका, आधी भिंगाने तांबूस ठिपके बघा.

आणि कुणी दुकानात वापरलेला वस्तरा घेत असेल, तर उकळून, जंतुनाशकात बुडवून मगच धार लावा. दुसऱ्याशी वाटून वापरायचा न्हाई, रक्तातून पसरणारी कावीळ अशानेच जाते एकाकडून दुसऱ्याकडं.

कृष्णाकाठ
दगडावर जाळी काढून बघितली, १००० च्या मधल्या रेघा जवळपास तशाच राहिल्या, खळगा होता. तो सपाट केला. खांदा बाहेर ठेवून टाच घेतली, चारही भाग हातावर पास. ८००० नंतर, पट्ट्याआधी, केस तिन्ही ठिकाणी अडकून तुटतो. पट्ट्यानंतर मधल्या भागावर आणि टोकाला टेकताच तुटतो, टाचेवर अजून किंचित अडकतो. पुढे काय करू?

अजिंक्यतारा७७
पट्ट्याआधी तिन्ही ठिकाणी सारखं आणि नंतर टाचच मागे, म्हणजे दगडाचं काम झालंय. पट्ट्यावर टाच सुटतेय. पट्टा किती रुंद आहे?

कृष्णाकाठ
५ सेंटिमीटर.

हळदपेठ
मग तेच. सुरुवात टाच पट्ट्यावर पूर्ण बसवून करा, टोक बाहेर राहू दे. ओढत जाताना तिरका सरकवत शेवटाला टोक आत आणा. तसे ४० फेरे मारा आणि टाचेवर परत केस टेकवून बघा.